तिसऱ्या ग्रुपमध्ये भरपूर पांढरा अवक्षेप येतो, पण ॲल्युमिनियम सिद्ध होत नाही

निळा_लिटमस (प्रश्न)

बीएस्सी पहिल्या वर्षाच्या इनऑरगॅनिक प्रॅक्टिकलला दोन क्षारांचं पांढरं मिश्रण आहे. एक क्षार सापडला, दुसरा हाती लागत नाही. निरीक्षणं जशीच्या तशी देते.

थंड पाण्यात थोडं विरघळतं, बरंच तळाशी उरतं. उरलेला भाग विरल हायड्रोक्लोरिक आम्लात पूर्ण विरघळतो, फसफस अजिबात होत नाही. मिश्रणात सोडियम हायड्रॉक्साइड घालून तापवलं की अमोनियाचा वास येतो, नेस्लर रीएजंटला तपकिरी रंग येतो. पाण्यात विरघळलेल्या भागात सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर दाट पांढरा अवक्षेप, तो अमोनियात विरघळतो. म्हणजे अमोनियम आणि क्लोराइड पक्के.

कोरड्या चाचण्यांत: चारकोल कॅव्हिटीत (कोळशात कोरलेल्या खळग्यात) तापवल्यावर न वितळणारा पांढरा अवशेष राहतो. त्यावर कोबाल्ट नायट्रेटचा थेंब टाकून पुन्हा तापवल्यावर अवशेष निळा होतो. फ्लेम टेस्टमध्ये सुरुवातीला क्षणभर विटकरी लाल झाक दिसते, मग जाते.

ओरिजिनल सोल्युशन (ओएस) विरल हायड्रोक्लोरिक आम्लात केलं. पहिला ग्रुप (ग्रुप म्हणजे ठराविक रीएजंटने एकत्र खाली बसणाऱ्या धातूंचा गट) नाही. हायड्रोजन सल्फाइड सोडल्यावर दुसरा ग्रुप नाही. मग द्रावण उकळलं, संहत नायट्रिक आम्लाचे दोन थेंब घालून परत उकळलं, चिमूटभर घन अमोनियम क्लोराइड आणि वर अमोनियम हायड्रॉक्साइड घातलं. लगेच भरपूर पांढरा अवक्षेप आला. कोबाल्ट नायट्रेटचा निळा रंग आधी दिसलाच होता, म्हणून ॲल्युमिनियम गृहीत धरून लेक टेस्ट (अवक्षेपावर लिटमसचा निळा रंग बसतो का ते पाहणं) केली. निळा रंग सगळ्या द्रावणात पसरतो, अवक्षेप मात्र पांढराच राहतो. फिल्ट्रेटमध्ये चौथा, पाचवा, सहावा ग्रुप कोराच आहे.

सोडियम कार्बोनेट एक्स्ट्रॅक्टमधून (मिश्रण सोडियम कार्बोनेटबरोबर उकळून गाळलेल्या द्रावणातून) सल्फेट नाही, फॉस्फेटसाठी घातलेल्या अमोनियम मॉलिब्डेटला पिवळा अवक्षेपही नाही.

अवक्षेप पांढरा, ग्रुप तिसरा आणि ॲल्युमिनियम नाही, तर मग आहे तरी काय? जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

---

काचकांडी

निरीक्षणं नीट लिहिली आहेत, त्यामुळे इथूनच बरंच सांगता येतं. माझा संशय फॉस्फेटवर आहे आणि धातू बहुधा कॅल्शियम. तुमच्या तीन ओळी तिकडे बोट दाखवतात.

पहिली ओळ विद्राव्यतेची. पाण्यात न विरघळणारा, पण विरल आम्लात न फसफसता विरघळणारा क्षार म्हणजे कार्बोनेट नव्हे. मग उरतात मुख्यतः फॉस्फेट, ऑक्झलेट, बोरेट, फ्लोराइड आणि काही ऑक्साइड-हायड्रॉक्साइड. यातल्या पहिल्या चौघांना इंटरफिअरिंग ॲनायन, म्हणजे ग्रुपच्या क्रमात अडथळा आणणारे ऋण आयन, म्हणतात. त्यांचे कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम, मॅग्नेशियम यांच्याशी झालेले क्षार आम्लात विरघळलेले राहतात, कारण आम्लात फॉस्फेट आयन हायड्रोजन आयन घेऊन डायहायड्रोजन फॉस्फेट आणि फॉस्फोरिक आम्ल बनतो. पहिल्या-दुसऱ्या ग्रुपला द्रावण आम्लधर्मी असतं, म्हणून तोवर काही दिसत नाही. तिसऱ्या ग्रुपला अमोनिया घालताच हायड्रोजन आयन निघून जातात, फॉस्फेट आयन मोकळा होतो आणि मूळचं कॅल्शियम फॉस्फेट जसंच्या तसं खाली बसतं. यात हायड्रॉक्साइडचा काही संबंध नाही. आणि कॅल्शियम तिथेच अडकल्यामुळे पाचवा ग्रुप कोरा जातो.

दुसरी ओळ कोबाल्ट नायट्रेटची. निळा अवशेष म्हणजे ॲल्युमिनियम हे अर्धंच खरं आहे. ॲल्युमिनियम ऑक्साइडशी कोबाल्टचं निळं ॲल्युमिनेट बनतं, त्याला थेनार्ड ब्लू म्हणतात. पण फॉस्फेट, बोरेट आणि सिलिकेटही कोबाल्टबरोबर निळा अवशेष देतात. त्यामुळे ही चाचणी फक्त दिशा दाखवते, तिच्यावर निष्कर्ष उभा करू नये.

तिसरी ओळ फ्लेम टेस्टची. विटकरी लाल झाक क्षणभर येऊन जाणं हे कॅल्शियमचं वागणं आहे. कॅल्शियम फॉस्फेट ज्वालेत सहजी बाष्प होत नाही, म्हणून रंग टिकत नाही. वॉच ग्लासमध्ये मिश्रण घेऊन संहत हायड्रोक्लोरिक आम्लाच्या दोन थेंबांत कालवा, प्लॅटिनम तारेवर घ्या आणि ज्वालेच्या कडेला, तळाजवळ धरा. दर वेळी तार आम्लात बुडवून पुन्हा धरत गेलात तर रंग जास्त स्पष्ट होतो.

लेक टेस्टबद्दल. खऱ्या लेकमध्ये निळा रंग अवक्षेपाच्या पुंजक्यांवर बसतो आणि भोवतालचं द्रव रंगहीन असतं. तुमच्याकडे नेमकं उलटं आहे, म्हणजे चाचणी नकारार्थी आहे आणि तुम्ही ती बरोबर वाचली आहे. लिटमस दोनच थेंब घालावा. जास्त झाला की ॲल्युमिनियम असतानाही द्रव निळंच दिसतं आणि फरक कळत नाही.

आता खात्री कशी करायची? तिसऱ्या ग्रुपचा अवक्षेप गरम पाण्याने धुऊन दोन भाग करा.

एका भागावर २ मिली १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड घालून किंचित तापवा. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड विरघळेल, कॅल्शियम फॉस्फेट विरघळणार नाही. विरघळलंच तर स्वच्छ द्रावणात घन अमोनियम क्लोराइड घालून उकळा. ॲल्युमिनियम असेल तर पांढरा अवक्षेप परत येतो, झिंक असेल तर येत नाही.

दुसऱ्या भागावर विरल ॲसेटिक आम्ल घाला. ताजं कॅल्शियम फॉस्फेट विरघळतं. ॲल्युमिनियम फॉस्फेट आणि फेरिक फॉस्फेट विरघळत नाहीत, कॅल्शियम ऑक्झलेटही विरघळत नाही. या एका चाचणीने अर्धा प्रश्न सुटतो आणि वेळ दोन मिनिटं लागतो.

राहिला मॉलिब्डेटचा प्रश्न. सोडियम कार्बोनेट एक्स्ट्रॅक्टमध्ये फॉस्फेट न मिळणं हा पुरावा धरू नका. मिश्रणाच्या तिप्पट सोडियम कार्बोनेट घेऊन दहा मिनिटं उकळलं, तरी कॅल्शियम फॉस्फेटची कार्बोनेटशी अदलाबदल अपुरी राहते. बरंचसं फॉस्फेट गाळणकागदावरच्या अवशेषात असतं आणि आपण तो अवशेष फेकून देतो. फॉस्फेटची चाचणी मूळ मिश्रणावर, सरळ नायट्रिक आम्लात करा.

---

गाळणकागद

काचकांडी यांच्याशी सहमत आहे. पण फॉस्फेटवर जाण्याआधी तिसऱ्या ग्रुपमध्ये पांढरं येण्याची बाकीची कारणं झटकून टाका, नाहीतर पुढच्या मिश्रणात पुन्हा अडकायला होईल.

अमोनियम क्लोराइड कमी पडणं हे सगळ्यात नेहमीचं कारण. "चिमूटभर" या शब्दाने फार घोळ होतो, म्हणून आकड्यात बघू. ०.१ मोलर अमोनिया एकटा असेल तर हायड्रॉक्साइडची संहती साधारण १.३ × १०^-३ येते. तिचा वर्ग १.८ × १०^-६. मॅग्नेशियम ०.१ मोलर धरलं तर आयनांचा गुणाकार १.८ × १०^-७ होतो. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा विद्राव्यता गुणाकार (आयनांचा गुणाकार ज्याच्या वर गेला की अवक्षेप येतो ती मर्यादा) आहे ५.६ × १०^-१२ च्या आसपास. म्हणजे तो तिसऱ्या ग्रुपमध्येच धडाधड खाली बसणार.

आता त्याच द्रावणात १ मोलर अमोनियम क्लोराइड आहे असं धरा. हायड्रॉक्साइड = १.८ × १०^-५ × ०.१ ÷ १ = १.८ × १०^-६. वर्ग ३.२ × १०^-१२, मॅग्नेशियमने गुणल्यावर ३.२ × १०^-१३. हा विद्राव्यता गुणाकारापेक्षा लहान, म्हणून मॅग्नेशियम द्रावणातच राहतं. ॲल्युमिनियमसाठी मात्र हायड्रॉक्साइडचा घन घ्यायचा. तो साधारण ५.८ × १०^-१८, ०.१ ने गुणून ५.८ × १०^-१९. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा विद्राव्यता गुणाकार १०^-३३ च्या आसपास आहे, म्हणजे ॲल्युमिनियम जवळजवळ पूर्ण खाली येतं. तिसरा ग्रुप वेगळा होतो तो या फरकावर.

३ मिली द्रावण १ मोलर करायला ०.१६ ग्रॅम अमोनियम क्लोराइड लागतं. पाव ग्रॅम घाला, म्हणजे लहान स्पॅट्युलाचं टोक भरून. ते हलवून पूर्ण विरघळलं की मगच अमोनिया. उलट क्रमाने केलं तर मॅग्नेशियम आधी खाली बसतं आणि मग सावकाश विरघळतं, आणि तेवढ्यात आपण गाळून मोकळे होतो. दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. अमोनियम क्षार फार झाले तर पाचव्या ग्रुपमध्ये कार्बोनेट आयन बायकार्बोनेट होऊन बसतो आणि थोडं कॅल्शियम निसटतं.

दुसरं कारण शिळा अमोनिया. बाटली सतत उघडी-मिटी होत राहिली की अमोनियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि त्यात अमोनियम कार्बोनेट तयार होतं. असा अमोनिया घातला की पाचव्या ग्रुपचे धातू कार्बोनेट होऊन तिसऱ्यातच उतरतात. तपासायला २ मिली अमोनियात बेरियम क्लोराइडचे तीन-चार थेंब टाका. गढूळ झालं तर तो अमोनिया या कामाचा नाही. लिकर अमोनियाची नवी बाटली उघडताना ती आधी गार पाण्यात ठेवावी, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात. आत वायूचा दाब साठलेला असतो आणि झाकण सैल करताच तोंडावर फवारा येऊ शकतो. चष्मा लावून, फ्यूम हूडमध्येच उघडा.

तिसरं कारण हायड्रोजन सल्फाइड पूर्ण न उकळणं. तो शिल्लक असताना नायट्रिक आम्ल घातलं की गंधक सुटून द्रावण दुधाळ होतं. त्यातला काही भाग पुढे सल्फेटपर्यंत जातो, आणि मिश्रणात बेरियम असेल तर ते बेरियम सल्फेट होऊन कायमचं हातचं जातं. नळीच्या तोंडाशी ओला लेड ॲसेटेट कागद धरा. तो काळा पडायचा थांबला की नायट्रिक आम्ल घाला. वासावर विसंबू नका. हायड्रोजन सल्फाइडने नाक थोड्याच वेळात बधिर होतं, म्हणून वास येईनासा होणं म्हणजे वायू संपणं नव्हे.

याच ठिकाणी दुसऱ्या ग्रुपचीही खातरजमा करा. हायड्रोजन सल्फाइड सोडताना आम्ल ०.३ मोलरच्या आसपास हवं. त्याहून तीव्र असेल तर सल्फाइड आयन फार कमी होतो, कॅडमियम आणि शिसं खाली येत नाहीत आणि पुढे शिसं अमोनियाला पांढरा हायड्रॉक्साइड देतं. थोडं द्रावण पाण्याने तिप्पट करून पुन्हा वायू सोडून बघा.

पांढऱ्या अवक्षेपाला दोन-चार मिनिटांत वरून तपकिरी छटा आली तर ते मँगनीज. अमोनियात ते हवेतल्या ऑक्सिजनने काळवंडतं, लोह समजू नका. म्हणून अवक्षेप ताबडतोब गाळायचा, तास संपेपर्यंत ठेवायचा नाही.

---

निळा_लिटमस

दोघांचे मनापासून आभार. सांगितलं तसं केलं.

बेरियम क्लोराइडने अमोनिया तपासला, स्वच्छ आहे. अमोनियम क्लोराइड वजन करून पाव ग्रॅम घातलं, तरी पांढरा अवक्षेप तेवढाच येतो. सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळत नाही. ॲसेटिक आम्लात लगेच विरघळतो.

मूळ मिश्रण नायट्रिक आम्लात विरघळवून अमोनियम मॉलिब्डेट घातलं तर द्रावण पिवळं झालं, पण खाली काही बसलं नाही. याला होकारार्थी म्हणायचं का? आणि फॉस्फेट असेल तर ते काढून टाकण्याची पद्धत पायऱ्या-पायऱ्यांनी कुणी सांगेल का? जर्नलमध्ये "फॉस्फेट सेपरेशन" असा मथळा आहे आणि खाली दोनच ओळी आहेत.

---

बफर

नुसतं पिवळं द्रावण म्हणजे होकार नाही. सिलिकेटही पिवळं द्रावण देतं. फॉस्फेटसाठी पिवळ्याधमक बारीक स्फटिकांचा अवक्षेप दिसलाच पाहिजे. तो अमोनियम फॉस्फोमॉलिब्डेटचा असतो आणि अमोनियात सहज विरघळतो. तो यावा म्हणून असं करा:

१ मिली द्रावण, १ मिली संहत नायट्रिक आम्ल आणि निदान ३ मिली मॉलिब्डेट. हे प्रमाण महत्त्वाचं आहे, कारण फॉस्फेटच्या एका आयनामागे मॉलिब्डेनमचे बारा अणू लागतात. रीएजंट दोन थेंब घालून वाट बघितली तर काही येणार नाही. नळी ४० ते ५० अंशांच्या पाण्यात पाच मिनिटं धरा आणि काचकांडीने आतली भिंत घासा. उकळू नका. उकळल्यावर आर्सेनेटही असाच पिवळा अवक्षेप देतं, शिवाय मॉलिब्डिक आम्ल स्वतःच खाली बसू लागतं. क्लोराइड जास्त असेल तर चाचणी मंदावते, आणि तुमच्या मिश्रणात अमोनियम क्लोराइड आहेच. म्हणून आधी मिश्रण थंड पाण्याने दोनदा धुऊन घ्या आणि उरलेला अवशेष तेवढा नायट्रिक आम्लात घ्या. द्रावण निळं झालं तर कुठला तरी क्षपणक आत आहे. संहत नायट्रिक आम्लासह आधी उकळून, थंड करून मग रीएजंट घाला.

आता फॉस्फेट काढणं. फेरिक क्लोराइडची पद्धत कॉलेजात सोयीची, कारण सगळी रसायनं शेल्फवर असतात. तिचा आधार असा: ॲसेटिक आम्लाच्या माध्यमात फेरिक फॉस्फेट विरघळत नाही, कॅल्शियम-बेरियम-मॅग्नेशियमची फॉस्फेटं विरघळतात. म्हणजे लोह घालून फॉस्फेटला त्यांच्यापासून ओढून घ्यायचं.

आधी न्यूट्रल फेरिक क्लोराइड तयार करा. बाटलीतलं फेरिक क्लोराइड आम्लधर्मी असतं. त्यात विरल अमोनिया थेंबाथेंबाने, हलवत, तपकिरी गढूळपणा टिकून राहीपर्यंत घाला आणि गाळून घ्या. हे टाळलं तर पुढे आम्ल वाढतं, फेरिक फॉस्फेट विरघळलेलंच राहतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

१) तिसऱ्या ग्रुपचा धुतलेला अवक्षेप कमीत कमी विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा. यातले चार-पाच थेंब बाजूला काढून पोटॅशियम थायोसायनेटने लोह आत्ताच तपासा. पुढे आपण स्वतःच लोह घालणार आहोत, मग मूळचं लोह कळायचा मार्ग उरत नाही. ही पायरी विसरली जाते आणि तोंडी परीक्षेत नेमकी हीच विचारतात.

२) विरल अमोनिया थेंबाथेंबाने, प्रत्येक थेंबानंतर हलवून. हलकासा गढूळपणा टिकला की थांबा.

३) १ ते २ मिली विरल ॲसेटिक आम्ल आणि तेवढंच अमोनियम ॲसेटेट. गढूळपणा जायला हवा. न गेल्यास थोडं ॲसेटिक आम्ल आणखी. तरीही पांढरं किंवा पिवळट काही उरलं, तर मूळ मिश्रणातच ॲल्युमिनियम किंवा लोहाचं फॉस्फेट आहे. ते गाळून वेगळं तपासा.

४) न्यूट्रल फेरिक क्लोराइड एकेक थेंब. आधी पिवळट पांढरा फेरिक फॉस्फेट येतो. सगळं फॉस्फेट संपलं की वरचं द्रव कोऱ्या चहासारखं तांबूस होतं. हा फेरिक ॲसेटेटचा रंग. तो दिसला की थांबा. पुढे घालत राहिलात तर लोह कोलॉइडल होऊन गाळणकागद तुंबतो.

५) पाणी घालून १५ ते २० मिली करा, एक-दोन मिनिटं उकळा आणि गरम असतानाच गाळा. उकळल्यावर जादा लोह बेसिक फेरिक ॲसेटेट होऊन खाली येतं. थंड होऊ दिलं तर ते पुन्हा विरघळायला लागतं आणि फिल्ट्रेट तांबूस उतरतं.

६) फिल्ट्रेट रंगहीन हवं. त्यात पाव ग्रॅम अमोनियम क्लोराइड आणि अमोनिया घाला. उरलंसुरलं लोह तपकिरी होऊन बसेल, ते गाळा. इथे पुन्हा पांढरं आलं तर फॉस्फेट पूर्ण गेलेलं नाही, चौथ्या पायरीपासून परत करा.

७) आता याच फिल्ट्रेटमध्ये चौथा, पाचवा, सहावा ग्रुप. कॅल्शियम जिथे यायला हवं तिथेच येईल.

ॲल्युमिनियम किंवा क्रोमियम असल्याचा संशय असेल तर एक लक्षात ठेवा: तेही चौथ्या-पाचव्या पायरीत लोहाबरोबर खाली जातात. त्यांना त्या अवक्षेपातून काढायचं, फिल्ट्रेटमध्ये शोधायचं नाही.

झर्कोनियम नायट्रेटची पद्धत याहून नेटकी आहे. १ नॉर्मलपर्यंतच्या हायड्रोक्लोरिक आम्लातही झर्कोनियम फॉस्फेट खाली बसतं, त्यामुळे ॲसेटेटचा खटाटोप लागत नाही. पण ते रसायन महाग पडतं आणि सगळीकडे ठेवलेलं नसतं.

---

काचकांडी

बफर यांची पद्धत चोख आहे, जर्नलमध्ये तीच लिहा. पण या मिश्रणासाठी तिच्यावर अर्धा तास घालवायची गरज नाही असं माझं मत आहे. तुमच्याकडे शोधायचा एकच धातू उरला आहे आणि त्याचा अवक्षेप ॲसेटिक आम्लात आधीच विरघळला आहे. पाचव्या ग्रुपच्या निर्णायक चाचण्या ॲसेटिक आम्लातच होतात, मग फॉस्फेट तिथे असलं तरी बिघडत नाही.

ॲसेटिक आम्लातल्या त्या द्रावणाचे तीन भाग करा आणि ओळीने चला. आधी पोटॅशियम क्रोमेट: पिवळा अवक्षेप म्हणजे बेरियम. स्ट्रॉन्शियम क्रोमेट ॲसेटिक आम्लात विरघळतं, म्हणून ते मध्ये येत नाही. काही आलं नाही तर नवा भाग घेऊन अमोनियम सल्फेट घाला, गरम करा, भिंत घासा आणि निदान पाच मिनिटं थांबा. स्ट्रॉन्शियम सल्फेट आळशी आहे, उशिरा येतं. तेही नाही आलं, की अमोनियम ऑक्झलेट. दाट पांढरा अवक्षेप आला तर कॅल्शियम. कॅल्शियम ऑक्झलेट ॲसेटिक आम्लात विरघळत नाही, म्हणून फॉस्फेट हजर असतानाही ही चाचणी खरी बोलते. तो अवक्षेप हायड्रोक्लोरिक आम्लाच्या दोन थेंबांत ओला करून त्याचीच फ्लेम टेस्ट घ्या. मघाची विटकरी लाल झाक आता टिकेल.

क्रम बदलू नका. बेरियम आणि स्ट्रॉन्शियमही ऑक्झलेटबरोबर अवक्षेप देऊ शकतात. ते दोघे नाहीत हे आधी ठरलं, तरच ऑक्झलेटचा निकाल कॅल्शियमचा.

मॅग्नेशियमला मात्र हा आडमार्ग चालत नाही. मॅग्नेशियम आणि फॉस्फेट दोन्ही असतील तर अमोनिया घालताच मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेट खाली येतं, म्हणजे सहाव्या ग्रुपची चाचणी तिसऱ्यातच नकळत होऊन जाते. तिथे बफर यांच्या सातही पायऱ्या कराव्या लागतात.

---

निळा_लिटमस

पाण्याने धुतलेल्या अवशेषावर, ३ मिली मॉलिब्डेट घेऊन, कोमट पाण्यात: पिवळा अवक्षेप स्पष्ट आला, अमोनियात विरघळला. ॲसेटिक आम्लातल्या द्रावणाला क्रोमेट नाही, सल्फेट नाही, ऑक्झलेटला लगेच पांढरा. फ्लेम विटकरी लाल. म्हणजे अमोनियम क्लोराइड आणि कॅल्शियम फॉस्फेट.

एक शेवटची शंका. फॉस्फेटऐवजी ऑक्झलेट किंवा बोरेट असतं तर? तेव्हाही फेरिक क्लोराइडच का?

---

बफर

नाही. फॉस्फेट सोडून बाकीचे तिघे तिसऱ्या ग्रुपच्या आधीच घालवायचे असतात, आणि तेही एका क्रमाने: आधी ऑक्झलेट, मग बोरेट आणि फ्लोराइड, सगळ्यात शेवटी फॉस्फेट.

ऑक्झलेट असं ओळखा: सोडियम कार्बोनेट एक्स्ट्रॅक्ट ॲसेटिक आम्लाने आम्लधर्मी करा, कार्बन डायऑक्साइड उकळून घालवा, कॅल्शियम क्लोराइड घाला. पांढरा अवक्षेप धुऊन गरम विरल सल्फ्युरिक आम्लात घ्या आणि पोटॅशियम परमँगनेटचा अगदी फिका थेंब टाका. ६० ते ७० अंशांना रंग उडाला तर ऑक्झलेट. थंड असताना रंग उडायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात "ऑक्झलेट नाही" असं लिहून टाकलं जातं. घालवायचं असेल तर दुसऱ्या ग्रुपनंतरचं फिल्ट्रेट हायड्रोजन सल्फाइड जाईपर्यंत उकळा, पोर्सेलीनच्या बशीत कोरडं करा, संहत नायट्रिक आम्ल घालून पुन्हा कोरडं करा. एका वेळेला पुरत नाही, निदान दोनदा. अवशेषाचा थोडा भाग विरल सल्फ्युरिक आम्लात घेऊन परमँगनेटच्या थेंबाने तपासा. तपासण्याआधी नायट्रिक आम्लाचा तांबूस धूर पूर्ण गेलेला हवा, कारण तो धूरही परमँगनेटचा रंग उडवतो.

बोरेट संहत हायड्रोक्लोरिक आम्ल आणि मिथाइल अल्कोहोल घालून वॉटर बाथवर कोरडं केल्याने जातं. ते मिथाइल बोरेट होऊन उडतं. फ्लोराइड संहत हायड्रोक्लोरिक आम्लासह पुन्हा पुन्हा कोरडं केल्याने हायड्रोजन फ्लोराइड होऊन जातं. दोन्ही कामं फ्यूम हूडमध्येच. मिथाइल अल्कोहोल पेट घेतं, म्हणून त्या टेबलावर बर्नर नको. आणि ऑक्झलेटसाठी वापरलेलं नायट्रिक आम्ल बशीत शिल्लक असताना मिथाइल अल्कोहोल अजिबात घालू नका, त्या दोघांच्या मिश्रणाचा भडका उडू शकतो. बशी आधी हायड्रोक्लोरिक आम्लाने दोनदा कोरडी करून घ्या, मगच अल्कोहोलची बाटली उघडा.